उंदराच्या इलियमच्या कापांत पॅनेथ पेशींच्या कणिका दिसत नाहीत

आडवा_काप

८ आठवड्यांच्या उंदरांच्या लहान आतड्याचे (इलियम हा त्याचा शेवटचा भाग) स्विस रोल, म्हणजे उभे चिरून गुंडाळलेले आतडे, आहेत. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीत (इओसिन गुलाबी-लाल रंग देतो) रसांकुर सरळ, श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी स्वच्छ, स्नायूचा थर नीट गुलाबी. पण क्रिप्टच्या (रसांकुरांच्या पायथ्याशी असलेल्या नळीसारख्या खळग्यांच्या) तळाशी, जिथे पॅनेथ पेशींच्या (जंतुनाशक प्रथिने स्रवणाऱ्या पेशींच्या) लालभडक कणिका हव्यात, तिथे फिकट, फेसाळ, पोकळ्या पडल्यासारख्या पेशी दिसतात. कंट्रोल उंदरांतही तेच, त्यामुळे जनुकबदलाचा परिणाम म्हणता येत नाही.

पद्धत अशी: ५० टक्के इथेनॉल आणि ५ टक्के ग्लेशियल ॲसिटिक आम्ल असलेल्या द्रावणाने (सुधारित बुआँ) आतडे आतून धुतले, उभे चिरून त्यातच १० मिनिटे पसरून ठेवले, गुंडाळले, मग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर. काप ५ मायक्रॉनचे. इओसिन नवा करून पाहिला, वेळ १ मिनिटावरून ३ मिनिटांवर नेली, फरक शून्य. लायसोझाइमची (पॅनेथ कणिकांतले एक प्रथिन) इम्युनो, म्हणजे अँटिबॉडी लावून रंगवणी, केली तर तळाशी पुसट, आणि लॅमिना प्रोप्रियात (एपिथेलियम म्हणजे पेशींच्या आतल्या अस्तराखालच्या संयोजी ऊतीत) मात्र ठिकठिकाणी ठळक. चूक कुठे होते आहे?

कणिका_निरीक्षक

इओसिनला हात लावू नका, त्याचा दोष नाही. स्नायू गुलाबी येतो आहे याचा अर्थ रंग लागतो आहे. तुमच्या कणिका धुण्याच्या टप्प्यावरच विरघळल्या.

पॅनेथ कणिकांत मुख्यतः लायसोझाइम आणि अल्फा-डिफेन्सिन (उंदरात यांनाच क्रिप्टडिन म्हणतात) भरलेले असतात. दोन्ही धनभारित आणि लहान: लायसोझाइम साधारण १४ किलोडाल्टन, अल्फा-डिफेन्सिन ४ किलोडाल्टनच्या आसपास. आम्लात ती सहज विरघळतात. क्रिप्टडिन शुद्ध करणारे लोक आतडे ३० टक्के ॲसिटिक आम्लात दळून ती बाहेर काढतात, ते याच गुणधर्माच्या जोरावर. तुम्ही ५ टक्क्यांत, तेही फॉर्मॅलिनने प्रथिने बांधली जाण्याआधी, १० मिनिटे तेच केलेत. कणिका गेल्या आणि तिथे रिकाम्या पोकळ्या राहिल्या. तुम्हाला दिसणारा फेस तो हाच. कार्नॉय या फिक्सेटिव्हमध्ये (इथेनॉल ६ : क्लोरोफॉर्म ३ : ॲसिटिक आम्ल १) हीच अडचण येते. श्लेष्माचा थर जपायला कार्नॉय उत्तम, पॅनेथसाठी नाही.

हे द्रावण लोकप्रिय होण्याला कारण आहे. त्यात आतडे पटकन ताठ होते, कडा वळत नाहीत, रोल देखणा येतो. पण पॅनेथ पेशी पाहायच्या असतील तर तो देखणेपणा सोडून द्यावा लागतो.

पर्याय: आतडे काढल्याबरोबर बर्फात गार केलेल्या पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या मिठाच्या पाण्याने) धुवा. सिरिंजचा जोर बेताचा ठेवा, जास्त दाबाने रसांकुरांची टोके सोलवटतात. लगेच त्याच नळीत गार फॉर्मॅलिन सोडा. मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) रेषेवर उभे चिरा, आतली बाजू वर ठेवून फिल्टर पेपरवर पसरा, शेपटीकडच्या टोकापासून लाकडी काडीवर गुंडाळा, टाचणी लावा, कॅसेटमध्ये घाला. फॉर्मॅलिन ऊतीच्या निदान १० ते २० पट, २४ तास. घट्ट रोलच्या गाभ्यात फॉर्मॅलिन सावकाश पोचते, म्हणून गुंडाळण्याआधी आतून फॉर्मॅलिन फिरवणे चुकवू नका.

फॉर्मॅलिन घरचे करत असाल तर १ लिटरला: ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर न घातलेले फॉर्मॅलिन पडून पडून फॉर्मिक आम्लामुळे आंबट होते, म्हणजे पुन्हा तीच अडचण. पीएच ७ च्या जरा वर आहे ना, तपासा.

तळघर

वरच्या निदानाशी सहमत. लायसोझाइमचा निकालही त्याच्याशी जुळतो. लॅमिना प्रोप्रियातले ठळक ठिपके म्हणजे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), त्यांच्यातही लायसोझाइम भरपूर असते. म्हणजे अँटिबॉडी काम करते आहे. म्हणूनच फक्त "लायसोझाइम पॉझिटिव्ह" एवढ्यावर पेशी मोजू नका. पेशी एपिथेलियमच्या ओळीतच हवी आणि क्रिप्टच्या तळाशीच हवी.

तुमच्या सध्याच्या स्लाइडवरही एक गोष्ट पाहता येईल. १०० एक्स ऑइल लावा आणि एकच क्रिप्ट निवडा, जिची पोकळी तोंडापासून तळापर्यंत सलग दिसते आणि तळ मस्क्युलारिस म्युकोसाला (क्रिप्टखालच्या पातळ स्नायूथराला) टेकलेला आहे. तळाच्या रुंद, पिरॅमिडसारख्या पेशींत केंद्रक खाली, तळपटलाला चिकटलेले दिसेल, आणि त्याच्या वर, पोकळीच्या बाजूला, तो फेस. अशा दोन रुंद पेशींच्या मध्ये एक चिंचोळे, पाचरीसारखे केंद्रक सापडेल. ती एलजीआर५ (या खुणेने ओळखली जाणारी) मूळपेशी. रुंद, चिंचोळी, पुन्हा रुंद अशी आलटून-पालटून रचना दिसली तर पॅनेथ पेशी जागेवर आहेत, फक्त रिकाम्या झाल्या आहेत. जनुकबदल केलेल्या गटातही हीच रचना आधी तपासा. पॅनेथ पेशी त्या मूळपेशींना डब्ल्यूएनटी३, ईजीएफ, डीएलएल४ हे संकेत-प्रथिने पुरवतात हे २०११ मध्ये दाखवले गेले, तेव्हा "पॅनेथ पेशी नाहीत" हे विधान फार वजनाचे आहे. विरघळलेल्या कणिकांच्या आधारावर ते कधीच करू नये.

आणखी एक गल्लत नेहमी होते. एंटेरोएंडोक्राइन (हॉर्मोन स्रवणाऱ्या) पेशीतही कणिका असतात, पण त्या बारीक आणि केंद्रकाच्या खाली, कारण ती पेशी हॉर्मोन रक्ताच्या बाजूला सोडते. पॅनेथच्या कणिका ढोबळ आणि केंद्रकाच्या वर, कारण तिला आतड्याच्या पोकळीत सोडायचे असते. कणिका केंद्रकाच्या कोणत्या बाजूला आहेत एवढे पाहिले तरी बहुतेक वाद मिटतात.

आडवा_काप

दोघांचे आभार. तीन शंका. एक, आमच्या इओसिनमध्येही ॲसिटिक आम्लाचे थेंब घालतात, मग तेही बंद करायचे का? दोन, जुन्या ब्लॉकांतून काही वाचवता येईल का? ते प्राणी पुन्हा मिळणार नाहीत. तीन, याच प्रयोगात १२ दिवसांच्या पिल्लांचाही एक गट आहे. तिथे नव्या पद्धतीने कणिका दिसायला हव्यात ना?

कणिका_निरीक्षक

इओसिनमधले आम्ल राहू द्या. इओसिन साधारण ४.६ ते ५ पीएचलाच नीट बसतो, तेवढ्यासाठी ते थेंब असतात. तोवर फॉर्मॅलिनने प्रथिने एकमेकांना बांधून टाकलेली असतात, त्यामुळे ती वाहून जात नाहीत. आम्ल आधी की फॉर्मॅलिन आधी, सगळा फरक या क्रमाचा आहे.

जुन्या ब्लॉकांतल्या कणिका परत येणार नाहीत, त्यावर अँटिजेन रिट्रीव्हलचे (अँटिबॉडी लागावी म्हणून काप उकळण्यासारखे) प्रयोग करत वेळ घालवू नका. क्रिप्टडिनच्या आरएनएसाठी इन सिटू हायब्रिडायझेशन (कापावरच जुळणारा प्रोब लावून आरएनए शोधणे) करून पाहता येईल, कारण तो आरएनए कणिकेत नसून पेशीद्रवात असतो. पण आधी एका ब्लॉकवर, कुठल्याही पेशीत सापडणाऱ्या एखाद्या आरएनएचा प्रोब लावून आरएनए शाबूत आहे का ते बघा. तोच लागला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

तळघर

पिल्लांबद्दल सावध राहा. उंदराच्या पिल्लाला जन्मतः पक्के क्रिप्टच नसतात, ते जन्मानंतर घडतात. पॅनेथ पेशी दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास थोड्या, कमी कणिकांच्या दिसू लागतात आणि भरघोस व्हायला ४ आठवडे लागतात. १२ व्या दिवशी विरळ दिसल्या तर फिक्सेशनला दोष देऊ नका. त्याच दिवशी एक प्रौढ उंदीर त्याच बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये सोबत चालवा. प्रौढात कणिका दिसल्या आणि पिल्लात नाहीत, तर फरक वयाचा.

मोजणीसाठी: प्रत्येक प्राण्यामागे पूर्ण उभे दिसणारे निदान ५० क्रिप्ट, सगळे एकाच भागातले. ड्युओडेनमपेक्षा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापेक्षा) इलियममध्ये पॅनेथ पेशी जास्त असतात, त्यामुळे एका गटाचा रोल जिथे कापला तिथेच दुसऱ्याचाही कापा. दुसरा काप घ्यायचा तर ५० मायक्रॉन सोडून घ्या, नाहीतर तेच क्रिप्ट दोनदा मोजले जातात. काप ३ ते ४ मायक्रॉनचे करा, ५ मध्ये कणिका एकमेकींवर चढतात. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि आकडेमोडीत नमुना म्हणजे उंदीर, क्रिप्ट नव्हे. ३ उंदरांतले १५० क्रिप्ट हे १५० नमुने होत नाहीत, ३ च राहतात.