ऑनलाइन आरपीजीत (गोष्टीतलं पात्र होऊन खेळायच्या खेळात) कमी खर्चात रंग कसा भरता? अनुभव सांगा

चांदणवेल
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या खोक्यात चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद सापडला, कडा मेणबत्तीवर जाळलेल्या, वर माझ्याच अक्षरात 'तिसरा दरवाजा उघडू नका'. लॉकडाउनमध्ये सुरू केलेल्या आमच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या एका गोष्टीतला. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी. खेळणारे पुण्यात, ठाण्यात आणि एक जण सॅन होजेला. त्याचे शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे आपले रविवारी सकाळी साडेनऊ. तो अंधारात बसलेला आणि आम्ही पोहे खात भुयारात उतरतोय!

टपाल सुरळीत झाल्यावर मी प्रत्येकाला लाखेने बंद केलेलं एक पाकीट पाठवलं होतं. सांगेन तेव्हाच फोडायचं. सॅन होजेवाल्याला फाइल पाठवली, त्याने तिकडे छापून बंद करून ठेवलं. तो क्षण आला तेव्हा कॉलवर सगळीकडून कागद फाटण्याचे आवाज आले आणि मग बराच वेळ कुणीच बोलेना. प्रत्येकाच्या चिठ्ठीत वेगळा मजकूर होता. हातात धरता येणारी वस्तू स्क्रीनवरच्या कुठल्याही चित्रापेक्षा जास्त काम करते, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

तुम्ही काय करता? महागडे सेटअप नकोत, परवडणारं सांगा.

रात्रपाळी
आवाज. बाकी सगळं नंतर.
टेबलटॉप ऑडिओ ही साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक आहेत. जंगल, बंदर, खानावळ, पडका किल्ला, सगळं मिळतं. २०२१ मध्ये ग्रूवी आणि रिदम हे डिस्कॉर्ड या कॉलच्या अ‍ॅपवरचे दोन्ही मोठे म्युझिक बॉट बंद झाले, तेव्हापासून मी कॉलवर ट्रॅक वाजवायला केंकू एफएम वापरतो. तेही फुकट. बॉट एकदा जोडायला अर्धा तास जातो, मग कटकट नाही.
आवाज इतका कमी ठेवा की बोलणं ऐकताना तो आहे हेही जाणवू नये. आणि भीती दाखवायची असेल तर ट्रॅक बदलू नका, बंद करा. रातकिडे अचानक थांबले की खेळाडू स्वतःहून तलवार काढतात.

सुपातलेतांदूळ
रात्रपाळी, शेवटच्या ओळीला शंभर टक्के!
माझे बाबा आकाशवाणीवर श्रुतिकांमध्ये काम करायचे. घोड्याच्या टापा म्हणजे दोन करवंट्या, पाऊस म्हणजे सुपात हळूहळू फिरवलेले तांदूळ, आग म्हणजे माइकजवळ चुरगळलेला सेलोफेन. मी हेच सगळं सेशनला करते. खर्च शून्य. रेकॉर्डिंगपेक्षा याचा फायदा असा की वेग आपल्या हातात राहतो. घोडा लंगडतोय हे सांगावंच लागत नाही, ऐकू येतं.
एकच महत्त्वाचं: डिस्कॉर्डमधलं क्रिस्प बंद करा. ते करवंट्यांना गोंगाट समजून गाळून टाकतं आणि समोरच्याला काहीच पोचत नाही. झूमवर असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा.

निमा_ठाणे
क्रिस्प बंद केलं की माझ्या कुकरच्या शिट्ट्या जातील त्याचं काय 😄

सुपातलेतांदूळ
जाऊ देत! ड्रॅगन जागा झाला म्हणायचं.

वसतिगृह_१२
आमच्यात कुणाकडेच लॅपटॉप नाही, सगळे फोनवर. मॅप इतका बारीक दिसतो की टोकन (पात्राची सोंगटी) हलवताना बोट भलतीकडे जातं. म्हणून मॅपच सोडला. कॅमेरा बंद, खोलीतला दिवा बंद, कानात इअरफोन, फक्त आवाज. डेटाही कमी लागतो.
जीएम (म्हणजे डीएमच) वर्णन करतो आणि प्रत्येक जण आपापल्या वहीत नकाशा काढतो. एकदा सेशन संपल्यावर सगळ्यांनी फोटो टाकले, तर एकाही वहीतली वाट दुसरीशी जुळेना. जीएमने लगेच ठरवलं की त्या जंगलात चकवा आहे. पुढचे दोन महिने कॅम्पेन त्याच्यावरच चाललं. पुढे प्रत्येकाच्या नकाशातला एक तुकडा खरा निघाला, ते जोडूनच बाहेर पडलो. इतकं भारी मी दुसरं काही खेळलेलो नाही.

चांदणवेल
अंगावर काटा आला. वह्यांचे फोटो टाक ना इथे.

बोरूटाक
पाकिटावरून आठवलं. आमच्या खेळात एक मोडीतलं पत्र होतं. नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो, पण मी हातानेच लिहिलं. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला शब्द कुठे तुटतो हेही शोधावं लागतं. कोडं वेगळं बनवायची गरजच राहिली नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला, बरोबर अक्षरांचा तक्ता. सगळे कामाला लागले आणि मी निवांत चहा पीत ऐकत बसलो. शेवटी खजिन्याची वाट म्हणून वाचलं ते निघालं उधारीचं पत्र, आणि सावकाराचं नाव होतं आमच्या मुख्य खलनायकाचं!

निमा_ठाणे
मोडी कुठे शिकलात? सासूबाईंकडे जुने दस्त पडून आहेत, कुणाला वाचता येत नाहीत.

बोरूटाक
पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात ताई. दस्त आधी सपाट करून, कोरड्या जागी ठेवा. आणि लॅमिनेट अजिबात करू नका, हात जोडून सांगतो.

टोकनवाला
मॅप सरसकट वाईट नाहीत हो. मारामारीला लागतातच. डायसन लोगोसचे हाताने काढलेले काळे-पांढरे नकाशे बघा, ब्लॉगवर ढिगाने आहेत. वाटाबूचे जनरेटर आहेत, एका क्लिकवर तळघर नाहीतर अख्खं गाव. ते औलबेअर रोडिओवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून नकाशा बघायच्या साइटवर टाकायचं. खेळाडूंना खातं काढावं लागत नाही, लिंक उघडली की आत. वर धुकं पसरायचं आणि चालतील तसतसं काढायचं. रंगीत नकाशांपेक्षा मला काळे-पांढरेच आवडतात. भिंतीचा रंग प्रत्येकाच्या डोक्यात भरू द्यावा.
फाउंड्री या त्याच कामाच्या मोठ्या सॉफ्टवेअरला सुरुवातीला पैसे जातात, पण एकदाच आणि फक्त जीएमचे. ग्रुपने वर्गणी काढली तर जड नाही.

कुळागर
मी माझ्या आईला एनपीसी (खेळाडूंचं नसलेलं, गोष्टीतलं पात्र) केलं!! ती सावंतवाडीला, आम्ही बंगलोर आणि दुबईत. वेशीवरची म्हातारी हवी होती. आईला एवढंच सांगितलं की ही पोरं रात्रीची देवराईत निघालीत, तू अडव. तिने फोनवर जे मालवणी सुरू केलं! "खंय चललास रे? थयसून जाव नको हां, देवचार वाट अडवता." नियम तिला माहीत नाहीत, फासे माहीत नाहीत. आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खरंच परत फिरला. आता दर वेळी विचारते, 'त्या झिलांचा काय झाला?'

सुपातलेतांदूळ
काकूंना माझा नमस्कार सांगा 🙏

टोकनवाला
काकू वन-शॉटला (एका बैठकीत संपणाऱ्या खेळाला) मिळतील का भाड्याने

कुळागर
सोलकढी आणि मानपान, एवढंच मानधन.

पाटीपेन्सिल
मुलांसाठी विचारायचं होतं. माझा नऊ वर्षांचा, भाची डब्लिनला. पुस्तकं विकत घेणं आत्ता शक्य नाही. फुकटात सुरुवात होते का?

टोकनवाला
होते. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा नियमांचा गाभा, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात आहे, पीडीएफ उतरवून घ्या. पण नऊ वर्षांच्या मुलाला तेही नको. एकच वीस बाजूंचा फासा, दहाच्या वर आलं की जमलं. फासा नसेल तर एक ते वीसच्या चिठ्ठ्या डब्यात.

रात्रपाळी
आणि वेळ कमी ठेवा, पाऊण तास. टेबल लॅम्पसमोर लाल जिलेटिन कागद धरायचा, बल्बला चिकटवायचा नाही. मुलांना तेवढंही पुरतं.

पाटीपेन्सिल
धन्यवाद दोघांनाही. डब्लिनची घड्याळं मागे गेली की गोंधळ होतो, आधी ते नीट बघते.

चांदणवेल
इथलेच मिळून एक वन-शॉट करूया का? रविवारी सकाळी. मी चालवते. वसतिगृह_१२, तुमच्यासाठी मॅपशिवायच ठेवते.

वसतिगृह_१२
चालेल!! आम्ही दोघं येतो.

निमा_ठाणे
मी साडेअकरानंतर, त्याआधी पाणी येतं. कधी खेळलेले नाही, बार्ड म्हणजे काय ते कुणीतरी सांगून ठेवा.