'लिमिटेड गव्हर्नमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम:
नागरिकशास्त्राच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. 'लिमिटेड गव्हर्नमेंट'पाशी गाडी अडली आहे. अर्थ सरळ आहे: राज्यघटनेने दिलेत तेवढेच अधिकार सरकारला, त्यापलीकडे गेलं की न्यायालय रद्द करणार. मी 'मर्यादित शासन' लिहिलं. संपादकबाईंचा शेरा: "ही पतसंस्था आहे का?" आता दुसरं काही डोक्यात येत नाही. सुचवा.

तळटीप:
बाईंचं चुकलं नाही. 'शासन'ही धोक्याचं. आमची आजी "त्याला चांगलं शासन झालं पाहिजे" म्हणायची, ते शिक्षा या अर्थाने. तिच्या हिशेबी 'मर्यादित शासन' म्हणजे दोन छड्यांवर सुटका. 'नियंत्रित सरकार' चालेल?

बोरूबहाद्दर:
नियंत्रित म्हटलं की कुणीतरी पडद्याआडून दोऱ्या ओढतंय असं वाटतं. 'घटनाबद्ध सरकार' म्हणा. सरकार शब्द फारसी म्हणून नाक मुरडणारे येतीलच, त्यांना आगाऊ नमस्कार.

शुद्धमती:
आलेच! सरकार रुळलंय, राहू दे. पण पुस्तिकेत 'मूलभूत हक्क' लिहू नका. हक्क अरबी आहे. 'मूलभूत अधिकार' लिहा. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नाही.

तळटीप:
अहो, नका! इथे मराठीची सोय हिंदीपेक्षा चांगली आहे. अधिकार सरकारचे, हक्क नागरिकांचे. 'भारताचे संविधान'च्या भाग तीनचं नावच 'मूलभूत हक्क'. अनुच्छेद 13 म्हणतो, हे हक्क हिरावणारा कायदा राज्याने करू नये, केला तर तेवढ्यापुरता तो शून्य. आता हक्काच्या जागी अधिकार घाला: "नागरिकांचे अधिकार सरकारच्या अधिकारांवर मर्यादा घालतात." कुणी कुणाला अडवलं?

शुद्धमती:
मग 2005 चा माहितीचा अधिकार? तो तर नागरिकाचा. कुणी 'माहितीचा हक्क' म्हणताना ऐकलंय का? आणि आमदारांचा हक्कभंग? तो हक्क सामान्य माणसाचा नाही, सभागृहाचा आणि सदस्यांचा. तुमची वाटणी वापरात टिकत नाही.

बोरूबहाद्दर:
हक्कभंग बिनतोड आहे.

कोपऱ्यातला:
मूळ प्रश्नाकडे येतो. 'सनदशीर सरकार' का नको? सनदशीर मार्ग, सनदशीर चळवळ हे शब्द आपल्याकडे जुने आहेत.

बोरूबहाद्दर:
सनद वरचा देतो, खालचा घेतो. राजाची मर्जी फिरली की परत. घटनेत उलटं आहे: लोक ती 'स्वतःप्रत अर्पण' करतात आणि सरकार त्यात दिलेल्यावर चालतं.

कोपऱ्यातला:
मॅग्ना कार्टालाही सनदच म्हणतात. 1215 साली बंडखोर सरदारांनी इंग्लंडच्या राजा जॉनकडून ती अक्षरशः वसूल केली. देणारा राजा, बांधला गेलाही राजाच.

बोरूबहाद्दर:
आणि त्याच वर्षी पोपने ती रद्द ठरवली. वरच्याची मर्जी म्हणतो ती हीच.

अर्धविराम:
मंडळी, पुढच्या पानावर 'सेपरेशन ऑफ पॉवर्स' आहे, म्हणजे कायदे करणं, ते राबवणं आणि न्याय देणं ही कामं वेगवेगळ्या हाती. सत्ताविभाजन की सत्तावाटप? मला उद्या मजकूर द्यायचाय.

तळटीप:
सत्तावाटप मुळीच नको, वाचक म्हणेल गृहखातं कुणाला मिळालं. विभाजनही पूर्ण खरं नाही. अनुच्छेद 50 न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवायला सांगतो, पण संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात. अमेरिकेत मंत्री व्हायचं तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, जागा सोडावी लागते. तिथे विभाजन शोभतं. आपल्याकडे 'अधिकारविभागणी' म्हणा, शब्द जरा सैल आहे तेच बरं.

शुद्धमती:
म्हणजे इथे तुम्हीच अधिकार वापरलात.

तळटीप:
सरकारी अंगांचा! तेच तर म्हणतोय.

कोपऱ्यातला:
'घटनाबद्ध'लाही माझी हरकत आहे. भाचीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "कोणती घटना घडली?" घटना म्हणजे प्रसंग. संविधान लिहावं.

बोरूबहाद्दर:
मग घटनादुरुस्ती, घटनाबाह्य, घटनापीठ हे सगळे शब्द मोडीत काढायचे? 'संविधानदुरुस्ती' म्हणून बघा, जीभ अडखळते.

शुद्धमती:
सवयीने अडखळत नाही. आणि हक्कभंगाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.