मदत हवी आहे: जॅग्वार कॅटफिश आणि विहिरीचं पाणी

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याचा. मित्राने माशांची टाकी मोडीत काढली, त्याचा जॅग्वार कॅटफिश माझ्याकडे आलाय. हा मूळचा ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीचा. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, आम्लधर्मी, क्षार जवळजवळ शून्य. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणीही मऊच, पीएच ६च्या आसपास, केएच (पीएच सावरून धरणारे कार्बोनेट क्षार) जेमतेम १. त्यात परसातल्या देशी बदामाची वाळकी पानं टाकली. रंग झकास उतरला, पण पीएच घसरून ५.२ झालाय.

एवढ्या खाली फिल्टरमधले, माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू मंदावतात. अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात राहतो म्हणून मासा बरा दिसतोय, पण पीएच एकदम ७च्या वर गेला तर तोच विषारी व्हायचा. शेजारी म्हणतात, शिंपल्या टाका. मला पटत नाही; चुना विरघळून पाणी जड होईल, आणि या माशाला तेच बाधतं.

तर पाणी एका वेळी किती बदलू? की फिल्टरवर भिस्त न ठेवता अमोनिया शोषायला टाकीत झाडं वाढवू?

दिवसभर स्वारी ओंडक्याच्या ढोलीत, मिशा तेवढ्या बाहेर. अंधार पडला की गांडूळ गट्ट, गोळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. ताजा जवळा धुऊन दिला तर चालेल का? ‘ओढ्यात सोडून दे’ हा सल्ला कृपया नको, परदेशी मासा आहे तो.