वायएमओ म्हणजे क्राफ्टवर्कची नक्कल? साफ असहमत

खर्ज

कालच्या सिंथेसायझरच्या धाग्यावर तबकडी यांनी लिहिलं: "वायएमओ म्हणजे क्राफ्टवर्कची गुळगुळीत नक्कल. आज लोक ऐकतात ते निव्वळ जुन्या बटणांच्या हौसेपोटी." वाचून डोकं तडकलं. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. (वायएमओ म्हणजे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, जपानचा सिंथेसायझर बँड. क्राफ्टवर्क हा तसाच जर्मन बँड.)

वायएमओचे संस्थापक होसोनो यांची मूळ योजना क्राफ्टवर्कपासून सुरूच होत नाही. मार्टिन डेनीचं १९५९ सालचं 'फायरक्रॅकर', म्हणजे एका अमेरिकन माणसाने कल्पनेने रंगवलेली पूर्व, ते सिंथवर डिस्कोच्या ठेक्यात बसवायचं, ही ती योजना. नोव्हेंबर १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ते आहे. जर्मनीत हे कोणाला सुचलं होतं?

आता ठेका. रोलँड कंपनीच्या एमसी-८ या सीक्वेन्सरला, म्हणजे भरलेले सूर सिंथकडून आपोआप वाजवून घेणाऱ्या यंत्राला (१९७७, तेव्हाची किंमत १२ लाख येन) पियानोसारख्या पट्ट्या नाहीत, आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक सुराला तीन आकडे द्यायचे: सूर कोणता, पुढचा सूर किती स्टेपनी आणि गेट, म्हणजे सूर चालू ठेवणारा संकेत, किती स्टेप उघडं. एका मात्रेच्या २४ स्टेप धरा. सरळ ठेका १२-१२, शफल म्हणजे झुलता ठेका १६-८. मधेच १३-११ किंवा १४-१० भरलं की ठेका धड सरळ नाही आणि धड शफलही नाही. वायएमओची सगळी गंमत या फटीत आहे. होसोनो १९७६ पासूनच ओकिनावा या जपानी बेटाच्या संगीताच्या ढंगात रमलेले होते, त्यांना हा मधला ठेका नेमका कळत होता.

गेटचंही तसंच. १२ स्टेपच्या सुराला ६ दिलं तर तुटक, ११ दिलं तर जोडून. पूर्ण १२ दिलं की गेट मिटतच नाही, एन्व्हलप (सुराच्या आवाजाचा चढ-उतार) पुन्हा सुरू होत नाही आणि दोन सुरांचा एकच लांब सूर होतो. आणि चार मात्रांच्या आवर्तनाची बेरीज ९६ ऐवजी ९५ भरली तर तो आवाज दर आवर्तनाला एक स्टेप पुढे सरकतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक स्टेप म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. पहिल्या दोन आवर्तनांत कानाला पत्ता लागत नाही, सोळाव्याला तोच आवाज दोन तृतीयांश मात्रा पुढे पळालेला असतो. बँडचे प्रोग्रॅमर मात्सुताके हे सगळं आकड्यांत सांभाळत होते, आणि त्यावर ड्रमर ताकाहाशी हेडफोनमध्ये क्लिक ऐकत खरा ड्रमसेट वाजवत होते. याला नक्कल म्हणताय?

तबकडी

आकडे मान्य. पण ऐकणाऱ्याला १४-१० ऐकू येत नाही हो, त्याला चाल ऐकू येते. आज हे संगीत पसरलंय ते पुनर्प्रकाशनांमुळे. २०१८ मध्ये एका अमेरिकन लेबलने होसोनोंचे जुने अल्बम पुन्हा काढले आणि त्याच सुमारास यूट्यूबने 'प्लास्टिक लव्ह' हे जुनं जपानी गाणं सगळ्यांच्या पुढ्यात आणून टाकलं. वायएमओचं 'बिहाइंड द मास्क'सुद्धा घड्याळाच्या जाहिरातीसाठी जन्माला आलेली धून. बाजाराने मोठं केलेलं संगीत आहे, तसंच म्हणा.

सोल्डर

'प्लास्टिक लव्ह' इथे कुठून आलं? ते १९८४ चं सिटी पॉप, म्हणजे तेव्हाचं शहरी जपानी पॉप. त्यात बँड वाजतोय, सीक्वेन्सर नाही. जपानी आणि ऐंशीचं दशक एवढ्यावर सगळं एका पोत्यात भरणं बंद करा. टेक्नोपॉप म्हणजे सिंथ-सीक्वेन्सरवरचं पॉप: वायएमओ, प्लास्टिक्स, पी-मॉडेल, हिकाश्यू.

आणि 'बिहाइंड द मास्क' जाहिरातीतून आलं म्हणून हलकं कसं? त्याच धुनेवर मायकल जॅक्सनने 'थ्रिलर'च्या वेळी काम केलं, १९८६ मध्ये क्लॅप्टनने ती गायली. हे पुनर्प्रकाशनाच्या तीस वर्षं आधीचं आहे.

अवांतर: आपल्याकडच्या लोकांनी होसोनोंचा 'कोचीन मून' (१९७८) तरी ऐकावा. भारताच्या सफरीतून निघालेला अल्बम, त्यातही मात्सुताके आणि एमसी-८. आणि मुंबईत १९८२ मध्ये चरणजीत सिंग यांनी रोलँडची ८०८ (ठेक्याचं यंत्र), ३०३ (बेसचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन दहा राग केले, ते शिकागोच्या ॲसिड हाउसच्या, म्हणजे ३०३ वरच्या नृत्यसंगीताच्या आधी. जपानी यंत्रांचं श्रेय वाटायला बसलात तर हेही नाव घ्या.

मंद्र

राग? तोडीचा अतिकोमल गांधार त्या यंत्रात आहे कुठे? ३०३ ला बाराच स्वर. त्याचा स्लाइडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, ठरावीक वेळेचा. एका अर्धस्वराचा असो की पूर्ण सप्तकाचा, सुमारे ६० मिलिसेकंदात उरकतो. मींडेत पल्ल्याप्रमाणे वेळ बदलावा लागतो. ते नाही तर राग नाही, फक्त आरोह-अवरोह उरतात. 'ॲसिडचा जनक' वगैरे तर सोडाच. रेकॉर्ड खपली नाही, शिकागोत कोणी ऐकली नाही. मग वंशावळ कसली?

सोल्डर

जनक मी म्हटलंच नाही, तोंडात शब्द घालू नका. आणि राग ३०३ वर आहे हे कोणी सांगितलं? राग ज्युपिटरवर हाताने वाजवलाय, ३०३ खाली बेस धरून आहे. तो बेस भरणंही सोपं नाही. आधी पिच मोडमध्ये सगळे सूर ओळीने, मग टाइम मोडमध्ये प्रत्येक स्टेपला सूर, टाय (आधीचाच सूर लांबवणं) की विश्रांती हे वेगळं. टायच्या जागी एकदा सूर दाबला गेला की पुढचे सगळे सूर एकेक घर अलीकडे येतात आणि सम भलत्याच सुरावर पडते. सेल उतरले तर पॅटर्नच गायब. १९८२ मध्ये मुंबईत बसून हे जुळवणाऱ्या माणसाला 'आरोह-अवरोह' म्हणून हिणवताय, हे मला पटत नाही.

मंद्र

कष्टाबद्दल आदर आहे. कष्ट केले म्हणून तोडी होत नाही. बास.

खर्ज

धागा वायएमओचा आहे, दोघांनीही जरा दमाने घ्या. पण मंद्र यांचा मुद्दा इथेही लागू होतो. एमसी-८ मध्येही सुराचा एक आकडा म्हणजे एक अर्धस्वर. व्होल्टेजमध्ये सुमारे ८३ मिलिव्होल्ट. मूग सिंथेसायझर तापला आणि त्यातला सूर निर्माण करणारा ऑसिलेटर ८ मिलिव्होल्ट इतका जरी सरकला तरी अर्धस्वराचा दहावा भाग बेसूर. म्हणजे श्रुती मुद्दाम लावता येत नाहीत आणि नको तेव्हा आपोआप येतात. त्या काळच्या लांब सुरांत जे हलकं थरथरणं आहे त्याला हे एक कारण. नवीन सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रिफ्ट' नावाचं बटण देतात ते त्याचसाठी. मग ही जुन्या बटणांची हौस कशी? बटणं नवी आहेत, लोकांना हवा आहे तो आवाज.

तबकडी, वायएमओच्या 'बीजीएम' (मार्च १९८१) मधलं 'थाउजंड नाइव्ज' काढा. ८०८ बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते, ८०८ वरचं गाजलेलं अमेरिकन गाणं 'प्लॅनेट रॉक' १९८२ चं. टाळीचा आवाज कुठे पडतो ते ऐका. मग १९८१ चाच 'टेक्नोडेलिक'. स्वतः बांधून घेतलेल्या सॅम्पलरवर, म्हणजे आवाज टिपून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, ठेका उभा केलाय. बाजारासाठी कोणी असे अल्बम काढत नाही. त्यांचं 'रायडीन' हे गाणं चालल्यावर तसंच आणखी एक करून सहज खपवता आलं असतं.

तबकडी

दोन्ही पुन्हा ऐकले. 'टेक्नोडेलिक'ला नक्कल म्हणता येणार नाही, तो शब्द मागे घेतो. पहिल्या अल्बमबद्दल मात्र नाही. तिथला बराचसा भाग डिस्को आहे आणि 'फायरक्रॅकर' डेनीचंच आहे, कितीही आकडे भरले तरी. आणि १९८३ चा 'नॉटी बॉईज' हे सरळ रेडिओवर चालावं म्हणून केलेलं काम आहे. त्यावर मी हटणार नाही.

सोल्डर

'नॉटी बॉईज'वर वेगळा धागा काढा, तिथे येतो.