मदत हवी आहे: बुधवारची इंडियाची फुटबॉल मॅच कुठे दिसेल?

रिमझिम_२२: परवा मॅच आहे आणि अजून चॅनल सापडत नाहीये. सेट टॉप बॉक्सवरचे सगळे स्पोर्ट्स चॅनल पालथे घातले. पैसे भरावे लागले तरी चालेल. संघाची थोडी माहितीही द्या, मॅच दाखवण्याआधी आमच्या शाळकरी मुलींना सांगायची आहे. प्लीज लवकर.

निळावाघ: बुधवारी कसली मॅच? आपली आता थेट 31 मार्चला हाँगकाँगशी आहे, आणि तीही नावापुरती. मडगावात सिंगापूरकडून 1-2 हरलो तेव्हाच 2027 च्या आशिया चषकाचा निकाल लागला. तारीख परत बघा.

खडूस_काका: माहिती हवी ना, घ्या. 1951 आणि 1962 ला एशियाड सुवर्ण. 1956 ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिंपिकमध्ये चौथे. प्रशिक्षक रहीमसाहेब गेले आणि सगळं संपलं. 1950 चा विश्वचषक तर बूट नव्हते म्हणून हुकला.

निळावाघ: काका, ही बुटांची गोष्ट किती वर्षं चालवणार? 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळले हे खरं. पण 1950 ला गेलो नाही, कारण तेव्हा आपल्या लोकांना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं काहीच वाटत नव्हतं. कर्णधार शैलेन मन्ना स्वतः हेच सांगायचे.

खडूस_काका: तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?

निळावाघ: तुमचा?

चहाबाज: सुनील छेत्री निवृत्तीतून परत आला ना? कुवेतविरुद्ध निरोपाला रडलो होतो राव. वर्षसुद्धा झालं नाही, तोच मालदीवविरुद्ध उतरून गोल मारला.

रिमझिम_२२: अहो, छेत्री कुठून आला? व्हिएतनामशी मॅच आहे. पर्थला.

ऑफसाइड: ताई, महिला संघ म्हणा की मग! महिलांचा आशिया चषक, 4 मार्च 2026.

रिमझिम_२२: हो, तोच. मुलींना दाखवायची आहे म्हटलं होतं ना.

ऑफसाइड: मुली पुरुषांचीही मॅच बघतात हो. असो. हा संघ पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच इथे पोचलाय. मंगोलियाला 13-0, तिमोर लेस्तेला 4-0, इराकला 5-0, आणि शेवटी थायलंडला त्यांच्याच चियांग माईत 2-1. त्या दिवशीचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मुलींना हीच मॅच सांगा, 1956 नको. मनीषा कल्याणचंही सांगा, युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय.

खडूस_काका: पहिल्यांदाच कसं? ऐंशीच्या दशकात उपविजेत्या होत्या. 2022 ला तर आपल्याच नवी मुंबईत स्पर्धा होती.

ऑफसाइड: पात्रता फेरी *खेळून* म्हटलंय, काका. 2022 ला यजमान होतो. इराणशी 0-0 झालं, मग कोविडमुळे संघच उभा राहिला नाही आणि बाहेर पडलो. ती जखम अजून ओली आहे.

रिमझिम_२२: चॅनल???

मध्यरेषा: चॅनल एकच नसतं, घोळ तिथेच होतो. हक्क स्पर्धेगणिक विकले जातात. पुरुषांचा 2023 चा आशिया चषक स्पोर्ट्स18 आणि जिओसिनेमावर होता, गेल्या वर्षीचा काफा नेशन्स कप (मध्य आशियाई देशांची स्पर्धा) फॅनकोड अ‍ॅपवर. म्हणून मागच्या मॅचवरून अंदाज बांधू नका. फुटबॉल महासंघाच्या अधिकृत खात्यावर मॅचचं पोस्टर येतं, त्यावर कुठे दिसणार ते बारीक अक्षरात असतं. वेळही तिथलीच धरा, पण पर्थची की आपली ते बघा. पर्थ अडीच तास पुढे आहे.

चहाबाज: अडीच? माझा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, साडेपाच तास.

मध्यरेषा: भाऊ सिडनीकडे असेल. पर्थ पश्चिम टोकाला. आपली चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, तिसरी मॅच सिडनीला आहे, तेव्हा साडेपाच धरा. मधली 7 तारखेची, जपानशी, पर्थलाच.

जुगाडू: एवढं कशाला, व्हीपीएन लावा, परदेशी साइटवर फुकट बघा.

मध्यरेषा: शाळकरी मुलींसमोर? मध्येच कसली जाहिरात उघडेल सांगता येतं का?

जुगाडू: मी दहा वर्षं बघतोय, काही उघडलं नाही.

ऑफसाइड: दहा वर्षांत तुमचा लॅपटॉप किती वेळा फॉरमॅट केला तेही सांगा.

रिमझिम_२२: पोस्टर सापडलं. पैसे भरून फोनवर अ‍ॅपही घेतलं, धन्यवाद मध्यरेषा. पण फोनवरचं टीव्हीवर जात नाहीये. चोवीस मुली आहेत, फोनवर कशा बघणार? कुठली वायर लागते?

मध्यरेषा: फोन कुठला? टीव्ही स्मार्ट आहे का साधा? आणि प्लॅन फक्त मोबाइलपुरता घेतला नाहीत ना?