अर्धांगवायू वाटला, निघाली साखर!

रात्रपाळी: इमर्जन्सीत माझा दुसराच महिना. पहाटे एक आजोबा आणले. उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. मी थेट सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात सिस्टरांनी बोट टोचून ग्लुकोमीटर माझ्या नाकासमोर धरला: साखर ३८, फारच कमी! २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) १०० मिली शिरेतून दिलं. दहा मिनिटांत आजोबा त्याच हाताने चादर ओढायला लागले. आता घरी जायचं म्हणून हटून बसलेत. सोडू का?

जुनी खोड: मधुमेहाची गोळी कुठली? ग्लिमेपिराइड असेल तर मुळीच सोडू नका. डेक्स्ट्रोज लवकर ओसरतं, गोळीचा अंमल दिवसभर राहतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाठवलंत ना?

रात्रपाळी: ग्लिमेपिराइडच. चार दिवस जेवण धड नाही, गोळी मात्र एकही चुकवली नाही. क्रिएटिनिन २.४.

जुनी खोड: मग झालंच. पोटात अन्न नाही, मूत्रपिंड मंद, गोळी अंगात रेंगाळून साखर पुन्हा उतरवणार. भरती करा, किमान २४ तास.

वॉर्डातली सिस्टर: तासातासाला साखर बघा, गिळता येतंय तर खायलाही द्या. आणि टोचण्याआधी बोट धुऊन घ्या हो! घरच्यांनी घाबरून साखर भरवलेली असते, बोटं चिकट, मशीन खोटाच मोठा आकडा दाखवतं.