‘डिस्प्ले’ आणि त्याचे समानार्थी शब्द: यादी पाठ करून इंग्रजी येते का?

अक्षरवेध (चर्चेचा प्रस्ताव)

इंग्रजीतील ‘डिस्प्ले’ या शब्दाचा अर्थ विचारला, की ‘दाखवणे’ किंवा ‘प्रदर्शित करणे’ असे उत्तर तत्काळ मिळते आणि त्यापाठोपाठ शो, एक्झिबिट, प्रेझेंट, डेमॉन्स्ट्रेट, रिव्हील, एक्सपोज, फ्लॉन्ट, परेड अशी समानार्थी शब्दांची माळ शिकणाऱ्याच्या हाती दिली जाते. माझे मत असे आहे की ही माळ आज ज्या रीतीने पाठ करून घेतली जाते, त्या रीतीने ती शिकणाऱ्याचे नुकसान करते, कारण यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी बसतो असा समज त्यातून पक्का होतो आणि वाक्य लिहायला घेताच तो समज खोटा ठरतो.

प्रथम व्याकरण पाहू. ‘शो’ या क्रियापदाला दोन कर्मे चालतात, म्हणून ‘शो मी द बुक’ हे शुद्ध वाक्य आहे. ‘डिस्प्ले मी द बुक’ आणि ‘एक्झिबिट मी द बुक’ ही दोन्ही अशुद्ध आहेत. ‘शो’ आणि ‘डेमॉन्स्ट्रेट’ यांच्यापुढे ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येऊ शकते, म्हणजे एखादा प्रयोग अमुक विधान खरे असल्याचे ‘शो’ करतो. ‘डिस्प्ले’पुढे तसे उपवाक्य येत नाही, कारण हा शब्द वस्तू किंवा गुण नजरेसमोर मांडतो, विधान सिद्ध करत नाही.

अर्थाच्या छटा तर याहून दूरच्या आहेत. ‘रिव्हील’ म्हणताना ती गोष्ट आधी झाकलेली होती हे गृहीत धरलेले असते, ‘एक्सपोज’मध्ये बहुतेकदा झाकलेले उघडे पडल्याने कोणाची तरी हानी वा नाचक्की होते, ‘फ्लॉन्ट’ वापरणारा समोरच्याच्या मिरवण्यावर आपली नापसंती नोंदवत असतो. एका शब्दयोगी अव्ययानेही किती फरक पडतो पाहा: ‘ऑन शो’ म्हणजे पाहण्यासाठी मांडलेले, तर ‘फॉर शो’ म्हणजे केवळ दिखाव्यासाठी. अशा शब्दांना एका ओळीत, स्वल्पविराम देऊन, एकच अर्थ असल्यासारखे छापणे मला चुकीचे वाटते.

कोशवाचक

आपण दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मान्य नाही. दोष यादीचा नसून ती कशी वाचायची हे न शिकवण्याचा आहे. पीटर मार्क रोजे या इंग्रज वैद्याने १८५२ साली आपला प्रसिद्ध पर्यायकोश प्रकाशित केला, तेव्हा त्याने शब्द वर्णानुक्रमे लावले नाहीत, तर अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना अशा सहा वर्गांत कल्पनांनुसार मांडले. या रचनेत ‘डिस्प्ले’ एकाच ठिकाणी बसत नाही. बुद्धीच्या वर्गात, विचार इतरांपर्यंत पोहोचवण्याच्या संदर्भात, तो प्रकटीकरणाच्या सदराखाली येतो आणि भावनांच्या वर्गात तोच शब्द बडेजावाच्या सदराखाली ‘परेड’सारख्या शब्दांच्या शेजारी पुन्हा भेटतो. म्हणजे या शब्दाला एक निर्विकार बाजू आहे आणि एक मिरवण्याची बाजू आहे, ही सूक्ष्म गोष्ट यादीनेच, केवळ शेजार बदलून, दाखवून दिली आहे. यादी टाकून दिली, तर शिकणाऱ्याला या फरकापर्यंत नेणारा सर्वांत जवळचा मार्गच बंद होईल.

शिवाय काही वाक्यांत हे शब्द खरोखर एकमेकांची जागा घेतात. रुग्णात एखाद्या आजाराची लक्षणे दिसली, तर ‘शो’, ‘डिस्प्ले’ आणि ‘एक्झिबिट’ ही तिन्ही क्रियापदे तिथे चालतात. शब्द बदलला की औपचारिकता थोडी कमी-जास्त होते, आशय बदलत नाही. ज्या यादीत असे शब्द एकत्र येतात, ती निराधार कशी म्हणता येईल?

अक्षरवेध

लक्षणांचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. तिथे तिन्ही शब्द चालतात हे शिकणाऱ्याला यादीतून कळत नाही, ‘लक्षणे’ या कर्मासह ते वाक्य वाचल्यावर कळते. शब्दाची सोबत हा त्याच्या अर्थाचाच एक भाग आहे, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात मांडला. माझे म्हणणे त्याच्या पलीकडे जात नाही.

मूळशोध

दोन्ही बाजू आजच्या वापरापुरत्या बोलत आहेत आणि त्यामुळे या शब्दांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी मूळ गोष्टच चर्चेबाहेर राहिली आहे. ‘डिस्प्ले’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘घडी घालणे’ या अर्थाचा धातू आहे. त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागून ‘घडी उलगडणे’ असा अर्थ झाला. सैन्य किंवा साधने कामाला लावण्यासाठी वापरला जाणारा ‘डिप्लॉय’ हा शब्द याच मुळापासून नंतरच्या फ्रेंचमार्गे आलेला त्याचा सख्खा भाऊ आहे. इंग्रजीत ‘डिस्प्ले’ प्रारंभी ध्वज किंवा शीड उलगडण्यासाठी वापरला जाई. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशात या क्रियापदाचा पहिला अर्थ ‘रुंद पसरणे’ असाच दिला आहे. कुलचिन्हांच्या परिभाषेत पंख पसरलेल्या गरुडाला आजही ‘डिस्प्लेड’ म्हणतात. १५०८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत मेजवानीत प्रत्येक पक्षी कापण्याच्या क्रियेला वेगळे नाव दिलेले आढळते आणि त्यांत क्रौंचासाठी हेच क्रियापद आहे.

याउलट ‘एक्झिबिट’च्या मुळाशी ‘बाहेर धरणे’ ही क्रिया आहे, म्हणून न्यायालयात पुढे ठेवलेल्या पुराव्याच्या वस्तूला ‘एक्झिबिट’ म्हणतात, ‘डिस्प्ले’ नव्हे. ‘डेमॉन्स्ट्रेट’च्या मुळाशी ‘निर्देश करून दाखवणे’ आहे, म्हणून सिद्धता आणि प्रात्यक्षिक त्याच्या वाट्याला आले. मोराने पिसारा फुलवणे हा ‘डिस्प्ले’ का आणि ‘डेमॉन्स्ट्रेशन’ का नाही, याचे उत्तर ‘उलगडणे’ या एका क्रियेत मिळते. हे मूळ एकदा समजले, की पाठांतराची गरजच उरत नाही.

तर्कनिष्ठ

मूळशोध यांची माहिती मोलाची आहे, पण तिच्यावर त्यांनी टाकलेला भार ती पेलू शकत नाही. शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही आणि त्याचा पुरावा याच यादीत आहे. ‘शो’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘पाहणे’ या अर्थाचे होते. जर्मनमधील त्याचा भाऊ ‘शाउएन’ आजही ‘पाहणे’ हाच अर्थ सांगतो. इंग्रजीत मात्र पाहणाऱ्याकडून तो शब्द दाखवणाऱ्याकडे गेला, म्हणजे क्रियेची दिशाच उलटली. मुळावरून अर्थ ओळखायला निघालेला विद्यार्थी इथे थेट उलट्या अर्थापाशी पोहोचेल.

मोराचे उदाहरणही तपासून पाहावे. प्राणिशास्त्रात ‘डिस्प्ले’ ही संज्ञा ठराविक साच्यातल्या संकेतवर्तनासाठी वापरतात. ज्युलियन हक्स्ली यांनी १९१४ साली शेंडीवाल्या ग्रीब पक्ष्यांच्या प्रणयाराधनाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात नर-मादीने समोरासमोर मान हलवणे आणि पाणवनस्पती चोचीत धरून एकमेकांसमोर पाण्यातून उभे राहणे येते. त्यात उलगडण्याशी संबंध नसलेलेही पुष्कळ आहे, तरी त्याला ‘डिस्प्ले’च म्हणतात. मुद्रणात ठळक शीर्षकांच्या मोठ्या टाइपाला ‘डिस्प्ले टाइप’ म्हणतात, संगणकाच्या पडद्यालाही हेच नाव आहे. यांना जोडणारे सूत्र शोधायचेच असेल, तर ते ‘पाहणाऱ्याच्या नजरेत भरेल असे ठेवणे’ हे आहे आणि ते आजच्या वापरातून मिळते, लॅटिनमधून नव्हे.

भाषांतरकर्ती

मी भाषांतराच्या बाजूने लिहिते, कारण मराठी वाचकाची खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे दर्शन, प्रदर्शन, निदर्शन, दिग्दर्शन असा शब्दांचा मोठा परिवार एकाच धातूपासून उभा राहिला आहे, त्यामुळे ‘डिस्प्ले’ म्हणजे ‘प्रदर्शन’ हे समीकरण आपल्याला फार सहज पटते. ‘संपत्तीचे प्रदर्शन’ या प्रयोगापर्यंत ते टिकते, कारण तिथे दोन्ही शब्दांत मिरवण्याची छटा आहे. परंतु चित्रपट ‘प्रदर्शित’ होतो तेव्हा इंग्रजीत तो ‘डिस्प्ले’ होत नाही, ‘रिलीज’ होतो. रस्त्यावरच्या ‘निदर्शनां’ना इंग्रजीत ‘डेमॉन्स्ट्रेशन’ लागते. उलट दिशेने, इंग्रजीत कोणी धैर्य ‘डिस्प्ले’ केले, तर मराठीत धैर्याचे ‘प्रदर्शन’ केले असे लिहिल्याने त्या माणसावर नकळत दिखाऊपणाचा आरोप होतो. तिथे ‘धैर्य दाखवले’ हा साधा प्रयोगच योग्य आहे. खेळाडूच्या कामगिरीला ‘प्रदर्शन’ म्हणण्याची हिंदीवरून आलेली सवय तर मला मुळीच रुचत नाही. ‘कामगिरी’ हा नेमका शब्द असताना तो बाजूला सारला जावा याचे वाईट वाटते.

या कारणाने मी अक्षरवेध यांच्याशी अर्ध्यापर्यंतच सहमत आहे. भाषांतर करताना पर्यायांची यादी मला रोज लागते, परंतु ती निवड करण्यासाठी लागते आणि निवड करणाऱ्याला आधी दोन्ही भाषांतील वाक्ये ऐकू यावी लागतात.

कोशवाचक

म्हणजे यादी लागतेच, हे आपणही मान्य करता. ज्याला ‘फ्लॉन्ट’ हा शब्द अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, तो त्याची छटा वाक्यातून कशी हेरणार? आधी शब्दाची ओळख आणि मग त्याच्या स्वभावाची पारख, हा क्रम मला आजही योग्य वाटतो.

अक्षरवेध

हा क्रम मी नाकारत नाही, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत दुसरी पायरी येतच नाही, ही माझी तक्रार आहे. ‘डिस्प्लेचा समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाला ‘फ्लॉन्ट’ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात आणि ‘शो’ लिहिणाऱ्यालाही. तोच प्रश्न वाक्य देऊन विचारला, समजा सैनिकाने ‘डिस्प्ले’ केलेल्या धैर्याचे वाक्य दिले, तर ‘फ्लॉन्ट’ लिहिणारा त्या सैनिकाला बढाईखोर ठरवतो आहे, हे परीक्षकालाही नोंदवावे लागेल. यादी ठेवायचीच असेल, तर निदान प्रत्येक शब्दापुढे त्याचे एक वाक्य छापावे, एवढ्यावर कोशवाचक यांची सहमती आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.